पटाच्या आदल्या दिवशीचा गुलाल

अर्धं अंगण सारवून झालं होतं. तुळशीपासून विहिरीपर्यंतची बाजू ओली, हिरवट दिसत होती आणि दारापुढची अजून धुळीनं पांढरी होती. शेणाचा हात तसाच धरून निर्मलाबाईंनी वर पाहिलं, तर तुलारामजी धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून उंबऱ्यात उभे.

"गुलाल कोठी ठेवला वं?"

"देवापाशी हाय. जरासक थांबा जी, मी येऊन राहिली."

"तू काहून? बायाचं काम हाय का ते?"

"बैलाले बायाच ओवाळते ना. मले ओवाळाचं हाय."

तुलारामजींनी मान हलवली, पण पाय उंबऱ्याच्या बाहेर पडलाच. निर्मलाबाईंनी शेणाची बादली तिथंच सोडली, हात धुतले, पदर खोचला आणि देवघरातून ओवाळणीचं ताट उचललं. गुलालाची पुडी महादेवापुढं ठेवलेली होती. ती त्यांनी ताटात घेतली आणि जवळजवळ धावतच नवऱ्याला गाठलं.

त्यांचं गाव एकोडीच्या पुढं, तलावाच्या पाळीखाली. धान निघालं, चुरणे म्हणजे मळणी झाली की गावाबाहेरच्या बांध्या, धानाची खाचरं, मोकळ्या होतात. त्यांचे धुरे, मधले बांध, फोडून लांब सरळ वाट करतात, आणि संक्रांतीच्या सुमारास तिथं शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपायची, वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायची, आणि सेकंदाचं घड्याळ सांगेल ती जोडी पहिली. छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. तुलारामजी त्यांच्या तरुणपणी नावाजलेले धुरकरी होते. त्यांचा चांद्या नावाचा बैल, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, साऱ्या तालुक्याला माहीत होता. चांद्या म्हातारा होऊन गोठ्यातच मेला, त्यानंतर तुलारामजी पुन्हा छकड्यावर बसले नाहीत. तेव्हा गावानं त्यांना गुलालाचा मान दिला.

मान असा, की पटाच्या आदल्या दिवशी दुपारून बाहेरगावच्या जोड्या येऊन बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी बांधल्या की गावातल्या बाया त्यांना ओवाळतात. ते चालू असतानाच तुलारामजी सगळ्या जोड्यांमधून एक चक्कर मारतात आणि उद्या जी जोडी पहिली येईल असं वाटतं तिच्या पाठीवर गुलाल लावतात. पहिली कोण ते तोंडानं बोलायचं नाही. त्या गुलालावर चहाच्या टपरीपाशी चहा-भज्यांच्या पैजा लागतात. आणि गुलाल लागलेली जोडी पटातून मागं फिरत नाही, फिरली तर मालकाला पुढच्या वर्षी तोंड दाखवायला जागा नाही. गुलाल महादेवाचा. तुलारामजी फक्त लावणारे, असं सगळे मानतात.

मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीनं पट बंद राहिले. ते पुन्हा सुरू झाले तोवर तुलारामजींचं डोकं विसरायला लागलं होतं. आधी चष्मा, मग भाच्याचं नाव, मग जेवलो की नाही ते. कैलाश, त्यांचा मुलगा, पुण्याकडं कंपनीत आहे. तो येऊन त्यांना नागपूरच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे वाढतच जाणार. परत येताना बसमध्ये कैलाश हळूच म्हणाला होता, "आई, गावात बोलू नको. बाबाले लोक येडा म्हणतीन. अन् माझं लगन जमाचं हाय अजून."

म्हणून निर्मलाबाई बोलल्या नाहीत. पट सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षी त्या ओवाळणीचं ताट घेऊन मागं मागं राहिल्या. तुलारामजी जोड्यांच्या मधोमध थांबले, चिमटीत गुलाल, आणि डोळे असे की जत्रेत हात सुटलेल्या पोराचे असावेत. लोक पाहत होते. निर्मलाबाई पुढं झाल्या आणि एका जोडीपुढं उभ्या राहून ओवाळू लागल्या. त्यांना पाहून तुलारामजींचे पाय तिकडं वळले आणि गुलाल त्या जोडीला लागला. ती कारध्याच्या देवाजींची जोडी होती. दुसऱ्या दिवशी ती पहिली आली.

ती जोडी निर्मलाबाईंनी अंदाजानं धरली नव्हती. एवढी वर्षं नवरा ओसरीत बसून जे सांगत आला ते त्यांच्या कानावरून जातच होतं. खूर पाहू नका, शिंगाचा रंग पाहू नका, पाणी पिताना पाहा, असं ते म्हणत. दोघांनी एकदमच मान वर केली पाहिजे. एक पीत राहिला अन् दुसरा इकडं तिकडं पाहत राहिला, तर छकड्यालाही ते तसंच करतील. निर्मलाबाईंनी त्या दिवशी बोडीवर फक्त तेवढंच पाहिलं होतं.

मागच्या वर्षीही तसंच केलं. तेव्हा धरलेली जोडी दुसऱ्या नंबरवर आली, तरी कोणी काही म्हटलं नाही. घरी आल्यावर निर्मलाबाई महादेवापुढं डोकं टेकून बराच वेळ बसल्या. तुझा गुलाल मी वळवला, असं त्यांनी मनातल्या मनात सांगितलं.

यंदा बोडीच्या काठी गर्दी जास्त होती. साकोलीकडची एक जोडी आली होती, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, मालकाच्या फोटोचं बॅनर छकड्यालाच बांधलेलं. बालाघाटकडची एक, अंगानं दांडगी, पण डावा बैल सारखा डोळे फिरवत होता. देवाजींची जोडी एका बाजूला पळसाच्या बुंध्याला, बारीक अंगाची, कोणाच्या नजरेत न भरणारी. आणि सगळ्यांच्या पलीकडं डोमाची बैलगाडी. डोमा गावातलाच. पाहुण्या बैलांसाठी तो तणस, धानाचा पेंढा, घेऊन आला होता, गाडी रिकामी करून त्यानं आपले दोन्ही बैल तिथंच झाडाला बांधून ठेवले होते.

"काकाजी, साकोलीवाल्याची पाहा आधी," घोळक्यातला एक जण म्हणाला. "मांगच्या म्हैन्यात तीन पट मारले त्यानं."

तुलारामजी ताटातली गुलालाची पुडी हातात घेऊन जोडीच्या मागं जाऊन उभे राहिले. "मारले असतीन," ते म्हणाले. "डावा वढते. उजवा नुसता संगं चालते."

"आयकलं का बे?" दुसरा साकोलीच्या मालकाला म्हणाला. "तुझ्या उजव्याले फुकटचा बदाम चारून राहिला तू."

लोक हसले. निर्मलाबाईंना बरं वाटलं. आज डोकं जागेवर आहे म्हणायचं. त्यांनी बोडीकडं पाहिलं. देवाजींचे बैल सोडून पाण्यावर आणले होते, ते पाण्यात तोंड घालून उभे होते. दोघांनी एकदम मान वर केली, तोंडातून पाणी गळत होतं. यंदाही हीच. त्या ताट सावरून तिकडं निघाल्या.

तेवढ्यात सुलोचनाबाईंनी हात धरला. सुलोचनाबाई पलीकडच्या आळीतल्या. पटाच्या दिवसांत सोयरे गोळा होतात, पोरापोरींचं पाहणं जमवणं तेव्हाच होतं, आणि त्यात त्या पुढं असत.

"निर्मले, कैलाशचं पाहून राहिल्या म्हनते?"

"पाहाचं तं हायच बाई."

"माझ्या बहिणीची हर्षा उद्या पटाले येऊन राहिली. नर्सिंग झालं तिचं. तू पाहून घे, मंग बोलू. घर माहितीतलं पाहिजे म्हनते आमची बहीण. तुमच्या घराले का नाव ठेवावं?"

निर्मलाबाईंना आनंद झाला आणि तो तोंडावर दिसला. मुलगी किती उंच, कुठं शिकली, दोन शब्द झाले असतील नसतील, मागून एकदम कालवा उठला. त्या वळल्या.

तुलारामजी डोमाच्या गाडीबैलापाशी उभे होते. बैल म्हातारा होत आलेला, खांद्याला जुवाचा घट्टा, पुढचा गुडघा सुजलेला. कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्या पाठीवर गुलालाचा पूर्ण हात उमटला होता, आणि तुलारामजी त्याच्या गळ्याखालून हात फिरवत होते.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग पट समितीचा अध्यक्ष घनश्याम मोठ्यानं हसला. "घ्या. काकाजीनं साऱ्याईच्या थोबाडीत मारली आज. बदाम नाही, अंडे नाही, तणसावरचा बैल."

लोकांना ते पटलं. म्हाताऱ्यानं बड्या बड्या बैलवाल्यांची जिरवली, असंच सगळ्यांनी धरलं. शिट्ट्या झाल्या. कोणी डोमाचा बैलासोबत फोटो काढला. डोमा आधी लाजला, मग छाती काढून उभा राहिला. साकोलीचा मालक म्हणाला, "मंग धाव ना उद्या आमच्यासंगं, गुलाल लागला तुले." आणि डोमा म्हणाला, "धावतो. काहून नाही धावणार?" घनश्यामनं तिथंच माईकवर डोमाची जोडी पुकारली.

निर्मलाबाई ताट घेऊन तशाच उभ्या. ताटातली वात केव्हाची विझली होती.

घरी येताना तुलारामजी खुशीत होते. "चांद्याचा गुडघा सुजला हाय," ते म्हणाले. "निवडुंगाचा चीक लावा लागते."

"हो जी," निर्मलाबाई म्हणाल्या.

त्यांनी त्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं, भाकर वाढली, आणि दिवेलागणीला देवापुढं बसल्या. रोजचं म्हणणं तोंडातून निघेना. डोमा जन्मात कधी छकड्यावर बसला नव्हता. बैल सुजल्या पायाचा. पळणाऱ्या बैलांच्या बाजूला, ढोलाच्या आणि माणसांच्या ओरडण्यात तो बुजला तर छकडा उलटायला वेळ लागत नाही. दोन पोरी आहेत डोमाला. सांगितलं तर नवऱ्याचं नाव जातं आणि कैलाशचंही जमत नाही. नाही सांगितलं तर उद्या जे होईल ते आपल्या घरातल्या हातानं झालेलं. त्यांनी महादेवाला विचारलं.  त्यांनी तुलारामजींना गोळी दिली, शेजारणीला ओसरीत बसवलं आणि चपला घातल्या.

डोमाच्या अंगणात त्याची बायको मंदाबाई बैलाला गरम पाण्यानं शेकत होती. डोमा कोणाचा तरी मागून आणलेला छकडा पुसत होता.

"या काकू," मंदाबाई म्हणाली. "काकाजीनं आमचं नाव केलं जी आज. माझ्या भावाचाही फोन आला."

निर्मलाबाई बाजेवर टेकल्या. "डोमा, उद्या बैल नको नेऊ."

"काहून काकू?"

"तुझ्या काकाजीले बैल ओळखू आला नाही. त्याईले तो चांद्या वाटला."

डोमाचा हात थांबला. मंदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. डोमानं फडकं पिळलं.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "गुलाल लावताना चांद्याच म्हणाले ते. मी बाजूलेच होतो."

"मंग?"

"मंग का? आजवर कोणी मले पटात काय म्हणून बोलावलं? तणस आण, पाण्याचा टँकर लाव, शेण काढ. आज साऱ्याईनं माझं नाव घेतलं. चूक तं चूक."

"पडशीन ना बापा छकड्यावरून. ह्या पोरी पाहा."

मंदाबाई रडू लागली. तिला हे काहीच माहीत नव्हतं. "नको जाऊ जी," ती नवऱ्याला म्हणाली.

"आता नको जाऊ कसं? गुलाल लागला. मी मांगं फिरलो तं सारा गाव म्हणन, डोमा भेला." त्यानं निर्मलाबाईंकडं पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुमी सांगा काकू. साऱ्याईसमोर सांगा का काकाजीचं चुकलं. मंग मी सोडतो. माझी भेण्याची गोष्ट मंग राहत नाही."

निर्मलाबाई उठल्या. चपला घालून घरी आल्या.

सकाळी पटाची वाट माणसांनी दोन्ही अंगांनी भरली होती. मांडवात पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यातली एक तुलारामजींची. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा समितीनं ठरवलं होतं. तुलारामजी खुर्चीत ताठ बसले होते. सुलोचनाबाई दोन खांब सोडून, त्यांच्याबरोबर पिवळ्या साडीतली एक मुलगी. सुलोचनाबाईंनी लांबूनच खूण केली, हीच हर्षा. मुलगी चांगली होती. निर्मलाबाईंनी तिच्याकडं नीट पाहून घेतलं आणि माईकच्या टेबलाकडं गेल्या.

"घनश्याम, डोमाची जोडी काढून टाक."

"काकू, चार डाव पुकारली मी."

"तुझ्या काकाजीले ओळखू येत नाही रे आता. बैलही नाही अन् माणसंही नाही. दोन वर्षं झाले."

घनश्यामनं माईकवर हात ठेवला. "दोन वर्षं? मंग मांगचे गुलाल?"

इथं गप्प राहता आलं असतं. पण खोटं अर्धं ठेवून उपयोग नव्हता. "मी ओवाळत होती तिथं लावले त्याईनं," त्या म्हणाल्या.

टेबलाजवळ आठ-दहा माणसं होती. कोणीतरी हसलं, "म्हंजे आमी बाईच्या गुलालावर भजे हरलो." कारध्याचे देवाजी तिथंच होते. पहिल्या वर्षीचा तो गुलाल त्यांनी पुडी बांधून देवघरात ठेवला होता, हे साऱ्यांना माहीत होतं. ते निर्मलाबाईंच्या तोंडाकडं एकदा पाहून आपल्या बैलांकडं निघून गेले.

घनश्याम वाईट माणूस नव्हता. त्यानं शब्द सांभाळून पुकारलं. तुलाराम काकाजींची तब्येत बरोबर नसल्यामुळं कालचा गुलाल रद्द समजावा, डोमाजींची जोडी धावणार नाही. पण माईकवरचं बोलणं तेवढ्यावर कुठं थांबतं. तब्येतीला काय झालं, हे एकानं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं टेबलापाशी ऐकलेलं सांगितलं, आणि दोन-तीन जोड्या पळेपर्यंत ते बांधीच्या त्या टोकाला पोचलं होतं.

मांडवात तुलारामजी शेजारच्याला विचारत होते, "कोणाचा गुलाल रद्द केला जी?"

"कोणाचाच नाही काकाजी. बसा तुमी."

सत्कार घाईघाईत उरकला. शाल घातली, नारळ द्यायचा राहिला. निर्मलाबाईंनी सुलोचनाबाईंकडं पाहिलं. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नंतर त्या लांबच्या खांबापाशी पाठमोऱ्या उभ्या दिसल्या, पिवळ्या साडीतल्या हर्षाला आपल्या आड घेऊन.

पाणी आणायला म्हणून निर्मलाबाई नळापर्यंत गेल्या. परत येतात तर तुलारामजींच्या खुर्चीत दुसराच पाहुणा, शाल खाली पडलेली. त्यांनी शाल उचलली आणि गर्दीतून शोधू लागल्या. कोणाला विचारावं तर लोक नजर पटाकडं ठेवत. कारध्याची जोडी पहिली आल्याचं पुकारलं तेव्हा त्या बैलगाड्यांच्या रांगेत वाकून एकेका गाडीमागं पाहत होत्या. पहिली कोण आली ते कानावर पडलं आणि तिथंच राहिलं.

तुलारामजी डोमाच्या गाडीपाशी सापडले. खाली उकिडवे बसून बैलाचा सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी चोळत होते. फेटा सुटून गळ्यात आला होता. थोड्या अंतरावर काही पोरं उभी राहून हसत होती. डोमा गाडीला टेकून उभा.

"घेऊन जा काकू," तो हळूच म्हणाला. "मी हाकललं नाही त्याईले. पण लोक हासून राहिले."

"डोमा, तू रागावला नाही ना?"

"रागावून का करू? बैल उभा हाय." त्यानं तोंड फिरवलं. "पण काल जो डोमा होता तो आज नाही, एवढं खरं."

निर्मलाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर शाल टाकली. "चला जी. घरी जाऊ."

तुलारामजींनी वर पाहिलं. त्यांचे डोळे स्वच्छ होते, कितीतरी महिन्यांत नव्हते इतके.

"माईकवर आयकलं मी," ते म्हणाले. "तूच सांगितलं ना?"

"हो जी."

"काहून सांगितलं? घरातली गोष्ट होती."

"डोमा पडला असता."

त्यांनी बैलाचा गुडघा पुन्हा चाचपला.  "हो. पडला असता. याचा पायच नाही पळाचा." मग म्हणाले, "आता मले कोणी बोलावणार नाही निर्मले."

 निर्मलाबाईंनी त्यांच्या काखेत हात घालून उठवलं. उठताना तुलारामजींनी बैलाच्या कपाळावरचा पांढरा ठिपका बोटानं पुसल्यासारखा केला आणि म्हणाले, "चांद्याले संध्याकाळी पेंड कमी दे जा." डोळे पुन्हा गेले होते.

पाळीवरून घरी येईपर्यंत मागून पटाचा ढोल ऐकू येत होता. समोरून येणारे सोयरे रामराम घालायचे तर निर्मलाबाईंनाच घालत, तुलारामजींना नाही. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला बाजेवर निजवलं आणि कैलाशला फोन लावला. सगळं सांगितलं.  मग तो म्हणाला, "ठीक हाय आई," आणि कामावर बोलावतात म्हणून फोन ठेवला.

त्या भात टाकायला चुलीपाशी गेल्या तेवढ्यात फाटक वाजलं. तुलारामजी फाटकाचा आडणा, आडवा दांडा, काढून बाहेर पडले होते, बोडीच्या दिशेनं, अनवाणी. चांद्याला पाणी दाखवायचं राहिलं म्हणाले. निर्मलाबाईंनी त्यांना वळवून आणलं. भाताला उकळी येण्याआधी ते पुन्हा फाटकापाशी उभे होते. या वेळी निर्मलाबाईंनी सुतळीनं आडणा आवळून बांधला. पण गाठी सोडायला तुलारामजींचे हात अजून विसरले नव्हते. सुतळीवर दिवस निघणार नव्हते.

उद्या सकाळच्या बसनं साकोलीला जाऊन फाटकासाठी कुलूप आणायचं होतं.